आमच्या लेकीचे डोळे

आमची लेक या जूनमध्ये पहिलीत जाईल. प्रवेशासाठी तिला घेऊन शाळेत गेलो, तेव्हा ती वर्गात शिरली आणि सरळ खिडकीकडे पाठ करून बसली. बाईंनी तिला वळवून बसवले. ती पुन्हा उठली आणि पहिल्यासारखीच बसली. बाईंनी आमच्याकडे पाहिले. आम्ही म्हणालो, "बाई, तिचे बरोबर आहे. तिला तसेच बसू द्या." मग पंधरा मिनिटे आम्ही त्यांना तिच्या डोळ्यांबद्दल सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि शेवटी विचारले, "हे कशामुळे झाले?"

हा प्रश्न गेली सहा वर्षे आमच्या घरात आहे. त्याचे उत्तर शोधताना आम्ही बरेच भांडलो, रडलो, काही माणसे दुरावली, काही नव्याने जोडली गेली. हे आम्ही नवरा-बायको दोघे मिळून लिहीत आहोत. जिथे एकाचेच सांगायचे आहे तिथे लेकीची अम्मी, लेकीचे अब्बा असे लिहू.

लेकीचा जन्म जुलै २०२० चा. लॉकडाऊनचे दिवस होते. बाळ वजनाने चांगले, रंगाने गोरेपान, रडणे खणखणीत. अजान कानात दिली, अकीका घरच्या घरी केला. पण बाळ डोळे उघडत नसे. अंगणात नेले की चेहरा आक्रसून घेई, कुशीत तोंड खुपसे. संध्याकाळी दिवेलागणीच्या वेळी मात्र टकमक बघे. दोन महिन्यांची झाली तरी तिची नजर एका जागी ठरेना, डोळे सारखे डावी-उजवीकडे हलत. आणि जवळून पाहिले तर डोळे अगदी काळेभोर. शेजारच्या बायका म्हणत, "माशाअल्लाह, काय काळे डोळे आहेत!"

तो काळेपणाच आजार होता. तीन महिन्यांची असताना तालुक्याच्या डॉक्टरांनी तिच्या डोळ्यावर बॅटरी धरली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी मोठ्या शहरातल्या रुग्णालयाची चिठ्ठी लिहून दिली. तिथे आम्हाला पहिल्यांदा तो शब्द कळला : ॲनिरिडिया.

आपल्या डोळ्यात मधोमध काळी बाहुली असते आणि तिच्याभोवती तपकिरी, काळे किंवा घारे कडे असते. त्या कड्याला शास्त्रात परितारिका म्हणतात. ती खिडकीच्या पडद्यासारखे काम करते. ऊन वाढले की पडदा ओढला जातो आणि बाहुली बारीक होते. अंधार झाला की पडदा सरकतो आणि बाहुली मोठी होते. आमच्या लेकीच्या दोन्ही डोळ्यांत हा पडदा जवळजवळ नाहीच. लोक ज्याला काळे डोळे म्हणत होते, ती नुसती उघडी खिडकी होती. चाळीस हजार ते एक लाख मुलांमागे एखाद्या मुलाला हा आजार असतो.

डॉक्टरांनी सांगितले की गोष्ट फक्त पडद्याची नाही. डोळ्याच्या मागच्या दृष्टिपटलावर मध्यभागी एक बारीक खळगा असतो, त्याच्या जोरावर आपण अक्षर वाचतो, चेहरा ओळखतो. या मुलांत तो खळगा नीट तयारच होत नाही. म्हणून डोळे हलत राहतात आणि चष्मा लावूनही नजर पूर्ण येत नाही. पुढे मोतीबिंदू होऊ शकतो, डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, डोळ्याचा समोरचा पारदर्शक भाग हळूहळू धुरकट होऊ शकतो. "औषधाने हे बरे होणार नाही, पण लक्ष ठेवले तर आहे ती नजर सांभाळता येईल," असे ते म्हणाले. हे वाक्य आम्ही त्या दिवशी नीट ऐकलेच नव्हते. आम्हाला फक्त "बरे होणार नाही" एवढेच ऐकू आले.

घरी आलो. घरात पहिला प्रश्न आला तो आजाराचा नव्हता, दोषाचा होता.

दादीने लगेच सांगितले की हे ग्रहणाने झाले. २६ डिसेंबर २०१९ ला सकाळी सूर्यग्रहण होते. लेकीच्या अम्मीला तेव्हा तिसरा महिना होता. घरात पाहुणे येणार होते म्हणून ती विळीवर भाजी चिरत बसली होती. दादीने त्या दिवशीच टोकले होते. आता दादीला आपले म्हणणे खरे झाल्यासारखे वाटले. नात्यातल्या बायका भेटायला आल्या की दादी हेच सांगे आणि अम्मी आतल्या खोलीत ऐकत असे. तिने कोणाला उलट उत्तर दिले नाही. पण त्यानंतर पुष्कळ दिवस तिने विळी हातात घेतली की हात थांबत असे. मनाने कितीही नाकारले तरी एक कोपरा विचारत असे, खरेच तसे असेल तर?

नानीचे दुसरेच. आम्ही दोघे मामे-आते भावंडे आहोत. लेकीची नानी म्हणजे दादीची सख्खी नणंद. ती म्हणाली, "मी तेव्हाच म्हटले होते, घरातल्या घरात सोयरीक नको." रुग्णालयातल्या एका तरुण डॉक्टरांनीही फाइलवर लिहिता लिहिता विचारले, "नात्यात लग्न आहे का?" हो म्हटल्यावर त्यांनी मान हलवली आणि जणू उत्तर मिळाले असे पुढे लिहू लागले. त्या मान हलवण्याने आम्हाला फार लागले. आमच्या निकाहानेच लेकीची नजर गेली, असे आम्ही दोघे मनात धरून बसलो आणि एकमेकांशीही बोलेनासे झालो.

त्यात आणखी एक भीती होती, ती आम्ही घरात कोणालाच सांगितली नव्हती. ज्या ठिकाणच्या बिघाडाने हा आजार होतो, त्याला लागूनच गुणसूत्रावर आणखी एक जागा असते. काही मुलांत तो सगळाच तुकडा गळालेला असतो. मग डोळ्याबरोबर मूत्रपिंडाचा कर्करोग होण्याचा धोका असतो. घराण्यात आधी कोणाला डोळ्याचा हा आजार नसेल तर ही शंका धरावीच लागते. म्हणून दर तीन महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी करायची, आणि तपासणीत हे नक्की झाले नाही तर ती आठ वर्षांची होईपर्यंत करायची, असे ठरले. रक्ताची तपासणी महाग होती आणि लेकीच्या अब्बांचा पगार लॉकडाऊनमध्ये अर्धा झाला होता. सोनोग्राफी जवळच्या शहरात होत असे. आम्ही चार वेळा गेलो. आदल्या रात्री दोघांपैकी कोणी झोपत नसे. थंड जेल पोटावर लावले की लेक हसायची, आणि आम्ही डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे बघत राहायचो.

करोनाच्या नियमामुळे डोळ्यांच्या रुग्णालयात बाळाबरोबर एकालाच आत सोडत. अम्मी आत जाई आणि अब्बा तोंडाला मास्क लावून फाटकाबाहेर झाडाखाली उभे राहत. असे जवळजवळ वर्ष गेले. नियम सैल झाले तेव्हा एका ज्येष्ठ डॉक्टरीणबाईंनी विचारले, "वडील आले आहेत का? त्यांना बोलवा." अब्बा आत आले. बाई त्यांच्याकडे बघत होत्या. खोलीतल्या दिव्याच्या उजेडात अब्बा डोळे मिचकावत होते, नेहमीसारखेच. शाळेत त्यांना मुले 'मिचमिच्या' म्हणत. आमच्या निकाहाच्या एकाही फोटोत त्यांचे डोळे पूर्ण उघडे नाहीत. आम्ही त्यावर कितीदा हसलो होतो.

बाईंनी त्यांना यंत्रासमोर हनुवटी टेकवून बसवले आणि तपासले. अब्बांच्या डोळ्यात पडदा होता, पण तो पातळ होता आणि खालच्या बाजूला विरळ. बाहुली गोल नव्हती, थोडी लांबट होती. त्यांनी दाब मोजला, तो वाढलेला निघाला. मग त्यांनी विचारले, "तुमच्या घरात कोणाची नजर लवकर गेली आहे का?" अब्बांच्या तोंडून उत्तर यायला वेळ लागला. दादीचा उजवा डोळा पन्नाशीतच गेला होता. आम्ही सगळे त्याला वयाचा आणि चुलीच्या धुराचा परिणाम समजत होतो.

त्यानंतर नातेवाइकांकडून उसने घेऊन आम्ही तिघांचे रक्त तपासायला दिले. अहवाल आला तेव्हा समुपदेशन करणाऱ्या ताईंनी आम्हाला समोर बसवून सगळे समजावले. त्यांनी ते एवढ्या सोप्या भाषेत सांगितले की आम्ही ते पुढे अनेकांना सांगू शकलो.

आईच्या पोटात गर्भ तीन-चार आठवड्यांचा असतो, म्हणजे पुष्कळदा आईला आपण गरोदर आहोत हे नुकतेच कळत असते, तेव्हाच डोळ्याचा पाया घातला जातो. आधी मेंदूच्या भागातून दोन फुगवटे निघतात, मग त्यांचा पेल्यासारखा आकार होतो, आणि त्या पेल्याच्या काठापासून पुढे परितारिका घडते. या सगळ्या बांधकामावर एक मिस्त्री असतो. तो स्वतः विटा रचत नाही, पण कोणी केव्हा कामाला लागायचे हे सांगतो. त्या जनुकाचे नाव पॅक्स-सिक्स. तो अकराव्या गुणसूत्रावर असतो आणि आपल्याला त्याच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. माणसात या जनुकाचा शोध १९९१ मध्ये लागला. १९९५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात वॉल्टर गेहरिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराचा हाच जनुक माशीच्या शरीरात भलत्या ठिकाणी कामाला लावला, तर माशीच्या पायावर आणि पंखावरसुद्धा डोळा उगवला, आणि तोही माशीचाच डोळा. माशी, उंदीर आणि माणूस, तिघांकडे एकच मिस्त्री. हे ऐकताना अम्मीच्या तोंडून "सुबहानअल्लाह" निघाले. त्या खोलीत आम्ही पहिल्यांदाच भीतीशिवाय दुसरे काहीतरी अनुभवले.

मग ताईंनी एकेक प्रश्न बाजूला काढला.

ग्रहण? डोळ्याचा पाया डिसेंबरच्या किती तरी आधी घातला गेला होता, आणि जनुकातला बदल तर त्याच्याही आधीचा, अब्बांच्या जन्मापासून त्यांच्यात होता. विळीचा आणि भाजीचा काही संबंध नाही.

नात्यातले लग्न? काही आजारांत जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असाव्या लागतात. नवरा-बायको एकाच घराण्यातले असतील तर तसे घडण्याची शक्यता वाढते. डोळ्यांचेही असे आजार आहेत, आणि म्हणून पुढच्या पिढीच्या सोयरिकी ठरवताना याचा विचार करा, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. पण ॲनिरिडियात एकच प्रत बिघडली तरी पुरते, कारण उरलेल्या एकट्या मिस्त्रीच्याने काम पुरे होत नाही. लेकीच्या अब्बांनी अगदी परक्या घरात लग्न केले असते तरी प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता तेवढीच राहिली असती, निम्मी. एकाच घरात तोच बदल एकाला सौम्य आणि दुसऱ्याला तीव्र का जाणवतो, तर तसे या आजारात घडते.

आणि शेवटी त्यांनी अहवालाच्या एका ओळीवर बोट ठेवले. बदल फक्त पॅक्स-सिक्समध्ये होता. शेजारची जागा शाबूत होती. मूत्रपिंडाची ती भीती आता धरायचे कारण नव्हते. सोनोग्राफी बंद.

आम्ही बाहेर येऊन जिन्यावर बसलो. अब्बा रडत होते. आपल्यामुळे लेकीला हे झाले म्हणून, आणि तिला कर्करोग होणार नाही म्हणून. एकाच वेळी दोन्ही. त्या दिवशी अम्मीला मोकळे वाटायला हवे होते. वर्षभर तिच्यावर ठेवलेला दोष उतरला होता. पण ती म्हणाली, "हे घरी सांगायचे कसे? दादी कोलमडेल."

आम्ही सांगितले. दादीने सगळे ऐकले, आणि विचारले, "म्हणजे माझ्याकडून?" मग ती उठली, वजू केला आणि बराच वेळ मुसल्यावर बसून राहिली. रात्री ती अम्मीच्या खोलीत आली. माफी हा शब्द तिने उच्चारला नाही. एवढेच म्हणाली, "उद्यापासून भाजी मी चिरते, तू तिला घे." आमच्या घरात माफी अशीच मागितली जाते.

त्या आठवड्यात आमच्या मोहल्ल्यातले इमामसाहेब घरी आले होते. दादीनेच ग्रहणाची गोष्ट काढली. ते म्हणाले की पैगंबर (सल्ल.) यांचे लहान चिरंजीव इब्राहीम वारले त्याच दिवशी सूर्यग्रहण झाले. लोक म्हणू लागले की या मृत्यूमुळेच ग्रहण लागले. तेव्हा खुद्द पैगंबरांनी सांगितले की सूर्य आणि चंद्र कोणाच्या जगण्या-मरण्यासाठी ग्रासले जात नाहीत. "पोटचे मूल गेलेल्या बापाने त्या दिवशी हे सांगितले," इमामसाहेब म्हणाले, "मग आपण सुनेवर ग्रहणाचा दोष कसा ठेवायचा?" दादीने मान खाली घातली. पण खरे सांगायचे तर ती हदीस आम्हालाही माहीत होती. वर्षभर आम्हीसुद्धा ती बोललो नव्हतो.

खरी परीक्षा पुढेच होती. लेकीच्या फुफीची मंगनी ठरत आली होती. आता दादीने हात जोडले की हे घराबाहेर जाऊ देऊ नका, पोरीचे लग्न मोडेल. आम्ही दोघेही गप्प बसायला तयार झालो होतो, हे कबूल करतो. फुफीनेच ऐकले नाही. ती म्हणाली, "मला आजार असेल किंवा नसेल, पण लपवून मी कोणाच्या घरात जाणार नाही. उद्या माझे मूल असे डोळे मिटून बसले तर मी त्यांना काय सांगू?" तिने रक्त दिले आणि अहवाल यायच्या आधीच मुलाकडच्यांना सगळे सांगून टाकले. त्यांनी विचार करतो म्हटले आणि पुन्हा आले नाहीत. महिन्याने अहवाल आला : फुफीत तो बदल नाही. तिची मुलेही त्यापासून मोकळी असतील.

तो अहवाल घेऊन पुन्हा त्या घरी जावे असे काहींनी सुचवले. फुफी गेली नाही. दोन वर्षांनी तिचा निकाह झाला. त्या घरीही तिने पहिल्याच भेटीत सांगितले की आमच्यात डोळ्यांचा असा आजार आहे, माझ्यात नाही, ही बघा तपासणी. तिच्या सासऱ्यांनी कागद न बघताच परत केला.

आता लेकीचे सांगतो. तिला रंगीत काचांचा चष्मा आहे आणि पुढे झाप असलेली टोपी. घरात आम्ही ट्यूबलाइट काढून पिवळे मंद दिवे लावले, खिडक्यांना जाड पडदे शिवले. पुस्तक ती डोळ्याजवळ धरते. पूर्वी आम्ही "लांब धर, डोळे बिघडतील" म्हणून टोकत होतो, आता टोकत नाही, कारण जवळ धरल्याने डोळे बिघडत नाहीत. जाड काळ्या अक्षरातले कायदा-ए-बगदादी तिच्यासाठी मोठे करून छापून घेतले. तिच्या आणि अब्बांच्या डोळ्यांचा दाब ठरलेल्या वेळी मोजला जातो. अब्बा रोज रात्री इशाच्या नमाजनंतर डोळ्यात थेंब घालतात. लेक झाली नसती तर त्यांचा काचबिंदू कळला नसता, आणि दादीच्या डोळ्यासारखाच त्यांचाही डोळा गुपचूप गेला असता. दादीचा दुसरा डोळाही आता उपचारावर आहे.

अपंगांसाठीच्या २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकार दिले आहेत, त्यात अल्पदृष्टी आहे. प्रमाणपत्रासाठी अर्ज करायला आम्हीच दोन वर्षे लावली. 'अपंग' हा शिक्का नको, असे वाटत होते. शाळेत पुढच्या बाकाचा, मोठ्या अक्षरातल्या पेपरचा, परीक्षेत जास्त वेळेचा तो हक्क आहे, शिक्का नव्हे, हे उशिरा उमजले.

दुसऱ्या मुलाचे काय, असे सगळे विचारतात. निम्मी शक्यता म्हणजे काय ते आम्हाला नीट कळते. काही रात्री वाटते, लेकीसारखी दुसरी आली तर आम्ही आता शिकलेले आहोत. काही रात्री वाटते, जाणूनबुजून तिला हे कसे द्यायचे? दोघे इस्तिखारा करतो, डॉक्टरांशीही बोलतो. निर्णय अजून झालेला नाही. ज्यांनी घ्यायचा आहे ते आम्ही दोघेच आहोत, एवढे मात्र आता घरात सगळ्यांना मान्य आहे.

गेल्या ईदला आम्ही सगळे गच्चीवर चाँद बघायला गेलो. सगळी मुले ओरडली, "तो बघा!" आमची लेक टोपी मागे सारून वर बघत राहिली. पूर्वी ती अशा वेळी खोटेच "दिसला" म्हणायची. या वेळी म्हणाली, "मला नाही दिसला. दादी, तुला दिसला का?" दादीने एका डोळ्याने आभाळाकडे पाहिले आणि म्हणाली, "मलाही नाही दिसला, बेटा. पण या पोरांना दिसलाय ना? मग आपली ईद झाली." दोघी हात धरून जिना उतरून शीरखुर्म्याच्या तयारीला लागल्या.

इमामसाहेबांनी त्या दिवशी आणखी एक आठवण दिली होती. हजरत अब्दुल्लाह बिन उम्मे मक्तूम (रजि.) यांना दिसत नव्हते. मदिनेत ते हजरत बिलाल (रजि.) यांच्याबरोबर अजान देत, आणि पैगंबर (सल्ल.) मदिनेबाहेर जात तेव्हा कितीदा तरी मागची जबाबदारी त्यांच्यावर सोपवून जात. कुरआनातल्या सूरह अबसची सुरुवात त्यांच्याच प्रसंगावरून आहे. त्यांना कोणी सवलत म्हणून जवळ केले नव्हते, काम सोपवले होते. आमच्या लेकीसाठी आम्ही शाळेकडून आणि आपल्या लोकांकडून एवढेच मागतो.

वाचक बंधू-भगिनींनो, तुमच्या घरात एखादे बाळ उजेडात डोळे उघडत नसेल, त्याची नजर ठरत नसेल, डोळे अगदीच काळे दिसत असतील, तर काजळ घालून, दृष्ट काढून दिवस घालवू नका. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या, आणि आई-वडील दोघांचेही डोळे दाखवा. त्या घरातली सून आतल्या खोलीत बसून काय ऐकते आहे, तेही जरा बघा.

लेकीसाठी दुआ करा. बाईंनी तिची जागा ठरवली आहे : पहिला बाक, खिडकीकडे पाठ.